ऑर्विल टेग्लँड आणि नदीचा करार

आदरणीय अध्यक्ष पास्टर लिंडाल, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले महापौर, काउंटीचे आजी-माजी कमिशनर, आमच्या रेडिओ केंद्राचे मालक श्री. ब्रॅट, आजचे सत्कारमूर्ती श्री. ऑर्विल टेग्लँड, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी आर्डिस, आणि सूर्यफुलाची कापणी अर्धी टाकून इथे आलेल्या नॉर्बीकर मित्रमैत्रिणींनो,

माझी ओळख करून द्यायची गरज नाही, असं आत्ता श्री. ब्रॅट म्हणाले. पण रेडिओवरच्या माणसाचा आवाज ओळखीचा असतो, चेहरा नसतो. म्हणून सांगते. मी मार्लिस केलर. दुपारच्या बातम्या झाल्या की गव्हाचे आणि गुरांचे भाव जी बाई वाचते, ती मी. माझे भाव संपले की ऑर्विल यांच्या भाष्याची दहा मिनिटं सुरू व्हायची. मी खुर्चीवरून उठायची आणि ते त्याच गरम खुर्चीवर बसायचे. त्यामुळे त्यांचं बोलणं या गावात सगळ्यात जवळून कोणी ऐकलं असेल, तर ते मी, अर्थात आर्डिसनंतर. आणि त्यांच्याशी सगळ्यात जास्त वेळा कोणाचं पटलं नसेल, तर तिथेही माझा नंबर दुसराच.

मी डेमोक्रॅट आहे. हे आता लपवण्यात अर्थ नाही. नॉर्बीत आम्ही किती आहोत हे आम्हालाच ठाऊक नाही, कारण आम्ही एकमेकांना सांगत नाही. पण ऑर्विलना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष होतं. माझा उमेदवार हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते काही न बोलता माझ्यापुढे कॉफी ठेवून गेले. मग प्रथाच पडली. ज्याचा उमेदवार हरेल त्याला दुसऱ्याने कॉफी आणायची आणि त्या दिवशी निवडणुकीचा विषय काढायचा नाही. निदान माइक बंद असताना. माइक चालू झाला की ते काय बोलायचे, ते तुम्ही ऐकलंच आहे.

बाहेरगावचे काही पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑर्विल जुन्या वळणाचे रिपब्लिकन. सरकार लहान असावं, कर कमी असावा, शब्द पाळावा आणि दुसऱ्या देशाशी करार करताना चष्मा पुसून घ्यावा, हे त्यांचं सांगणं. पण त्यांचा पक्ष जिंकला की मला त्यांचं बोलणं जास्त आवडायचं. इतर लोक मोटारींचे हॉर्न वाजवत असायचे आणि हे म्हणायचे, "जिंकलो म्हणून आपण शहाणे ठरलो असं नाही. फक्त आता जबाबदार ठरलो."

कुणी त्यांना चळवळीचा माणूस म्हटलं की ते चिडायचे. "मी चळवळीत नाही," ते म्हणायचे. "मी एका जागी उभा आहे. चळवळी माझ्या शेजारून जातात. कधी या अंगाने, कधी त्या." एकदा त्यांच्याच पक्षाचा, संसदेच्या निवडणुकीला उभा असलेला एक तरुण उमेदवार आमच्या केंद्रावर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बरोबर दोन माणसं. त्याने माइकवर जाहीर केलं की निवडून आल्यावर तो परदेशांशी केलेले सगळे नुकसानीचे करार फाडून टाकेल. आता हा तर ऑर्विल यांचा लाडका विषय. मला वाटलं, हे त्याची पाठ थोपटणार. ऑर्विलनी शांतपणे विचारलं, "पहिला कोणता?"

तो उमेदवार बराच वेळ गप्प होता. रेडिओवर बराच वेळ म्हणजे किती, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारा. शेवटी ऑर्विलनाच दया आली आणि त्यांनी हवामानाचा विषय काढला.

पण आज मला सांगायचं आहे ते आपल्या नदीच्या कराराबद्दल. सगळ्यांना माहीत आहे ती गोष्ट, तरी सगळ्यांनी ती माझ्या जागेवरून पाहिलेली नाही.

विलो नदी कॅनडातून येते आणि आपल्या गावाच्या पोटातून जाते. एकोणसत्तरच्या पुरात आर्डिसनी आपल्या आईला माडीच्या खिडकीतून होडीत घेतलं होतं. त्या म्हाताऱ्या बाई त्यानंतर पुन्हा त्या घरात राहिल्या नाहीत. पुढे करार व्हायचं ठरलं, तेव्हा आर्डिसना वाटलं असणार की हे आधीच व्हायला हवं होतं. कॅनडाने वर धरण बांधायचं, पैसा बराचसा आपण द्यायचा आणि धरणाने आपला पूर अडवायचा. सुरुवातीला गावात कोणाचाच विरोध नव्हता. एक सोडून.

ऑर्विलनी तो करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि आपल्या दहा मिनिटांत रोज थोडा थोडा गावाला वाचून दाखवला. देवाची शपथ घेऊन सांगते, त्या महिन्यात माझ्या गुरांच्या भावांना जास्त श्रोते होते. त्यांचा आक्षेप एकाच कलमावर होता. धरणालाच धोका आहे असं ते चालवणाऱ्या कॅनडातल्या मंडळाला वाटलं, तर खालच्या गावांना न विचारता धरणाची दारं उघडायचा अधिकार त्यांना होता. ऑर्विल म्हणायचे, "करार चांगल्या माणसांशी होतो. पण वाचायचा तो, ती माणसं उद्या तिथे नसतील असं धरून. आपल्या घराच्या फाटकाची किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची असेल, तर तो कधी उघडेल हे आधी ठरवून घ्या."

हे आर्डिस घरी स्वयंपाक करता करता ऐकत होत्या. त्या संध्याकाळी जेवताना काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं आहे, आणि आज सांगायची परवानगीही दिली आहे.

"किल्ली आपल्याकडे ठेवायची म्हणतोस," आर्डिस म्हणाल्या. "पण फाटक कुठे आहे?"

"म्हणजे?"

"नदीला फाटकच नाही, ऑर्विल. किल्ली खिशात घेऊन आपण छपरावर बसतो."

ऑर्विलनी बटाटा कापत कापत विचार केला. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "तरी कलम वाईटच आहे."

"मग मी कमिशनरच्या जागेसाठी उभी राहते आहे. काउंटीने या करारासाठी जमीन द्यावी, एवढंच मागणार आहे."

"लॉयड हॅमर उभा आहे त्या जागेला. तो कराराच्या विरोधात आहे."

"ठाऊक आहे."

"मग मला रेडिओवर लॉयडला पाठिंबा द्यावा लागेल."

"तेही ठाऊक आहे. मीठ दे इकडे."

आणि त्यांनी खरंच दिला. मी शेजारीच उभी होते. "माझ्या पत्नी या निवडणुकीला उभ्या आहेत," ते म्हणाले. "माझ्या ओळखीत त्यांच्याइतकं सरळ माणूस नाही. पण नदीच्या प्रश्नावर त्यांची चूक होते आहे, म्हणून मी माझं मत लॉयड हॅमर यांना देणार आहे." त्या दिवशी केंद्रावर आलेल्या फोनांपैकी निम्मे आर्डिससाठी होते. ती सहानुभूती होती, आणि सहानुभूतीची मतं होतात. लॉयड, तुम्ही तिथे मागे हसताय. तुम्ही तेव्हा हसला नव्हता.

त्या हिवाळ्यात आर्डिस गावोगावच्या सभांना जायच्या. रस्त्यावर बर्फ असताना त्यांना गाडी चालवायची भीती वाटायची. म्हणून ऑर्विल त्यांना नेऊन सोडायचे. आत सभेत बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून ते बाहेर गाडीत इंजिन चालू ठेवून बसून राहायचे. लोक आत आर्डिसचं भाषण ऐकायचे आणि खिडकीतून विरोधी उमेदवाराच्या पाठीराख्याला वाफाळलेल्या काचेमागे बसलेला पाहायचे. कुणीतरी दया येऊन त्यांना कॉफी नेऊन द्यायचं. मला वाटतं, आर्डिसची निवडणूक तिथेच जिंकली गेली.

निकाल ऑर्विलनीच वाचला. "आर्डिस टेग्लँड विजयी झाल्या आहेत. कमिशनरबाईंचं मनापासून अभिनंदन. आमचे मतभेद कायम आहेत. ते मी त्यांना जेवताना सांगेन."

करार झाला. धरण झालं. पुढे कित्येक वर्षं नदी शहाण्यासारखी वागली. दोनदा वसंतात वरून मोठं पाणी आलं, धरणाने ते अडवलं, आणि दोन्ही वेळा ऑर्विलनी माइकवर स्वच्छ सांगितलं, "धरणाने काम केलं. ज्यांनी त्याला पाठिंबा दिला त्यांचे आभार."  कॅफेत मंडळी त्यांना छेडायची. "काय ऑर्विल, किल्ली सापडली का?" ते आपले बशीतला केक खात राहायचे.

आणि मग तो जून आला. त्या वर्षी काय झालं हे या हॉलमधल्या कुणाला मी सांगायला नको. डोंगरावर बर्फ उशिरा वितळलं, त्यावर पावसाने जोर धरला आणि धरण काठोकाठ भरलं. मंडळाने त्या कलमाप्रमाणे दारं उघडली. आपल्याला भोंगे ऐकू आले तेव्हा आवरायला जेमतेम वेळ होता. कुणाचा जीव गेला नाही, याबद्दल पास्टरसाहेब दर जूनमध्ये आपल्याकडून प्रार्थना करवतात, आणि ते योग्यच आहे. पण नदीच्या खालच्या अंगाचा निम्मा गाव पाण्याखाली गेला. टेग्लँड यांचं घर वळचणीपर्यंत बुडालं.

आमचं केंद्र टेकडीवर, धान्याच्या कोठाराशेजारी आहे, म्हणून ते चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाव वाचायला बसले, पण वाचायला भाव नव्हते. बाजारच बंद. ऑर्विल बाहेरच्या खोलीत बूट काढत होते. फोन थांबत नव्हते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच. ऑर्विलला बोलू द्या. त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने हट्ट केला म्हणून आपण बुडालो, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. काही लोक याहून वाईट बोलले. मी ते शब्द पास्टरसाहेबांसमोर काढणार नाही.

मग लॉयड आले. कमरेपर्यंत चिखल. ते आणि ऑर्विल शाळेत एकाच वर्गातले, त्यामुळे बोलणं सरळच असतं.

"आज बोल," लॉयड म्हणाले. "तू शब्दन् शब्द सांगितलेलं खरं झालं. मी निवडून आलो असतो तर ही वेळ आली नसती."

"कदाचित," ऑर्विल म्हणाले.

"कदाचित काय? नक्की. लोकांना कळू दे कुणामुळे झालं."

"लॉयड, आर्डिस आत्ता शाळेच्या जिममध्ये लोकांना अंथरुणं वाटते आहे. तिथे कोपऱ्यात रेडिओ लावलेला आहे."

"मग? खरं ते खरं."

"खरं कुठे पळून जात नाही. पाणी ओसरल्यावर ते तिथेच असेल, चिखलात. तुझा ट्रक रिकामा आहे?"

"का?"

 ऑर्विल आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले आणि माइक चालू केला. सगळा जिल्हा ऐकत होता. आमच्या केंद्राला इतके श्रोते त्याआधी कधी नव्हते आणि पुढेही मिळणार नाहीत. ते म्हणाले, "कुठला रस्ता चालू आहे ते आधी सांगतो." मग त्यांनी रस्ते सांगितले. कुणाची गुरं कुणाच्या कुरणात आहेत ते सांगितलं. कुणाचे वडील कुठल्या चर्चमध्ये सुखरूप आहेत ते सांगितलं. आणि मग म्हणाले, "लॉयड हॅमर यांचा ट्रक रिकामा आहे आणि ते स्वतः इथेच उभे आहेत. ज्यांचं सामान हलवायचं असेल त्यांनी फोन करावा."

काचेपलीकडे लॉयड यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी एक शिवी दिली, ती माइकवर गेली नाही, आणि ते गेले. तीन दिवस ते सामान हलवत होते. लॉयड, त्या दिवसांत तुम्ही माझ्या बहिणीचा पियानो वर आणलात. ती अजून वाजवते.

ऑर्विल यांच्या आयुष्यात दहा मिनिटं मत न देता गेली, ती तेव्हाच. पण मला खरं सांगायचं तर ते पाहवत नव्हतं. ज्या माणसाचं अख्ख्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाकीत खरं ठरलं, तो कुठल्या पुलावरून जाऊ नये एवढंच वाचतो आहे. आणि स्वतःचं घर बुडालेलं.

तिसऱ्या दिवशी आर्डिस स्वतः आल्या. त्या आत आल्या तेव्हा ऑर्विल उठून उभे राहिले. दोघांनी तीन दिवसांत एकमेकांना धड पाहिलंही नव्हतं.

"तू गप्प का आहेस?" आर्डिसनी विचारलं.

"काम आहे."

"माझ्यासाठी गप्प आहेस."

ऑर्विल हातातली रस्त्यांची यादी सरळ करू लागले.

"हे बघ," आर्डिस म्हणाल्या, "तू मला चोवीस वर्षं जेवताना सांगितलंस, ते मी ऐकून घेतलं. आता तू मला सांभाळून घ्यायला लागलास, ते मला सहन होणार नाही. लोकांना ते कलम कळलं पाहिजे. नाहीतर बदलणार कसं? सरक."

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी माइक दोघांच्या मधे ओढला. 

"मी आर्डिस टेग्लँड," त्या म्हणाल्या. "नदीच्या कराराला काउंटीने पाठिंबा द्यावा, असं मीच म्हटलं होतं. ते कलम माझ्या नवऱ्याने तुम्हाला वाचून दाखवलं होतं. मीही वाचलं होतं. धरण नसतं तर दोन वेळा आपण आधीच बुडालो असतो, म्हणून मी पुन्हा तीच सही करीन. पण ते कलम तसंच राहू दिलं, ही माझी चूक. ते बदलायला मी जाणार आहे."

 मग ऑर्विल म्हणाले, "मी त्या कराराला पुन्हा विरोधच करीन."

"ठाऊक आहे."

"पण गाडी मी चालवीन."

आणि चालवली. सीमेपलीकडे विनिपेगला सुनावण्या झाल्या, त्यांना दोघं मिळून जात. कमिशनर म्हणून बोलायच्या आर्डिस, आणि कलमं पाठ असायची ऑर्विलना. एकदा तिथल्या एका अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, "तुम्ही दोघं एकाच बाजूचे ना?" आर्डिस म्हणाल्या, नाही. ऑर्विल म्हणाले, "एका गाडीतून आलो आहोत, एवढंच."

मधेच निवडणूक आली, समोर पुन्हा लॉयड होते. या वेळी ऑर्विलनी पहिल्यांदाच माइकवर आर्डिसना पाठिंबा दिला. "आपली चूक कुठे झाली हे माहीत असलेलं माणूस त्या खुर्चीत असलेलं बरं," ते म्हणाले. आर्डिस हरल्या. पुराचा राग कुणावर तरी काढायचा होता, तो लोकांनी त्यांच्यावर काढला. या हॉलमध्ये तसं मत दिलेले पुष्कळ आहेत आणि मी कुणाकडे पाहत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी कॉफी घेऊन गेले, तेव्हा ऑर्विल म्हणाले, "मी विरोध केला तेव्हा ती जिंकली. आता या गावाने माझ्या शब्दाची किंमत मला दाखवून दिली." आर्डिसना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं होतं, या वेळीही लॉयडला पाठिंबा दे म्हणून."

खुर्ची गेली, तरी त्या सुनावण्यांना जात राहिल्या. आता मंडळाला दारं उघडायच्या आधी खालच्या गावाच्या प्रतिनिधीला बोलावून त्याचं ऐकावं लागतं. कलम गेलं नाही, पण त्याला लगाम बसला. तो प्रतिनिधी कोण व्हावा, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी ऑर्विल यांचं नाव घेतलं. त्यांनी नको म्हटलं आणि लॉयड यांचं सुचवलं. पहिल्या बैठकीहून परत आल्यावर लॉयड कॅफेत म्हणाले, "ते लोक तसे चांगले आहेत रे." ऑर्विल म्हणाले, "चांगले आहेतच. म्हणून तर तू तिथे जात जा. सवय राहू दे त्यांना आपली."

तर अशा माणसाला आपण आज निरोप देतो आहोत. मला विचाराल तर आपल्या देशात मतं पुष्कळ आहेत. इकडचीही आहेत, तिकडचीही आहेत, आणि ती दिवसभर ऐकू येतात. पण आपलं मत खरं ठरलेलं असताना जो माणूस आधी रस्ते वाचून दाखवतो, तो मी तरी एकच पाहिला. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही. त्यांच्याशी न पटण्याची मला इतकी सवय झाली आहे की सोमवारपासून मी काय करावं, हे मला कळत नाही.

ते का निवृत्त होत आहेत, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. ते मी सांगते, मग त्यांना रागवायचं असेल तर त्यांनी माझ्यावर रागवावं. आर्डिसना आता वाचता येत नाही. डोळ्यांनी साथ सोडली आहे. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या टेकडीवरच्या नव्या घरी गेले होते. ऑर्विल त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. नव्या एका कराराच्या बाजूने कुणीतरी लेख लिहिला होता. ऑर्विल वाचत होते आणि आर्डिस डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "हे असं लिहिलंय, की तू मधे घालतोयस?"

ऑर्विल म्हणाले, "घालतोय."

"मग मूळ वाच."

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. तो लेख त्यांच्या मताच्या पूर्ण उलट होता आणि त्यांनी तो इतका मन लावून वाचला, की मला वाटलं, लिहिणाऱ्याने हे ऐकायला हवं होतं.

अध्यक्षमहाराज, मला दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडला आहे. तुम्ही घड्याळाकडे न पाहता बसून राहिलात, याबद्दल तुमचे आभार. चर्चच्या महिला मंडळाने पहाटेपासून बटाट्याच्या लेफ्से पोळ्या लाटल्या, त्यांचे आभार. मला बोलायला बोलावल्याबद्दल श्री. ब्रॅट यांचे आभार, त्यांनी हे धाडसच केलं म्हणायचं. मी भाव वाचणारी बाई, माणसांविषयी बोलायची मला सवय नाही. ऑर्विल, आर्डिस, लॉयड, तुमच्याविषयी जे जास्त बोलले ते विसरून जा आणि जे सांगायचं राहिलं ते माझ्या मनात आहे असं समजा. कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा.

धन्यवाद.